घशात काही नव्हतं

प्रमिलाबाईचं सगळं अंग वयाबरोबर वाढलं, हात तेवढा वाढायचा राहिला. बाळंतपणांनी आणि कापसाच्या गाठोड्यांनी बाई चांगली रुंद झाली, पण मनगट अजून परकऱ्या पोरीचं. शिरपूरच्या बाजारात कासारीण तिच्यासाठी लहान पोरींच्या खोक्यातल्या बांगड्या काढायची. नवरा झुलाल चारचौघांत म्हणायचा, "देवनी हिना हात बनाडात आनि माटी सरी गयी. मंग तोंडकरता नवी गाडी मांगाडी." प्रमिलाबाई हसायची. त्या हाताचा तिला अभिमान होता, आणि अभिमानाच्या गोष्टीवर कोणी थट्टा केली तर ती गोडच लागते.

गुराची जात हावरट. मक्याचं अख्खं कणीस, आंब्याची कोय, केळीच्या खुंटाचा तुकडा, जे दिसेल ते गिळायला जातात आणि घशात अडकवून बसतात. मग पोट फुगतं, डोळे बाहेर येतात आणि मालक धावत सुटतो. पुरुषाचा हात तिथवर पोचत नाही. प्रमिलाबाईचा पोचायचा. जबड्यात बाभळीचा दांडका आडवा, हाताला कोपरापर्यंत तेल, कोणीतरी जीभ एका बाजूला ओढून धरलेली, आणि मग ती डोळे मिटून हात आत सारायची. हात आत असेपर्यंत ती बोलायची नाही. बाहेर आल्यावर मात्र आतलं वर्णन सांगायची, "मझार दुसरंच गाव शे बाई. ऊन, वलं, आनि सारखं हाली ऱ्हायनं." ऐकणाऱ्या बायांच्या अंगावर काटा यायचा. हे नुसतं तिच्या गावात, कुरखेडीतच नव्हे, वर सातपुड्यातल्या पाड्यांवरही ठाऊक होतं. प्रमिलाअक्काचा हात रिकामा येत नाही, ही म्हणच पडली होती.

दिवाळी होऊन गेली होती. कापूस फुटून रान पांढरं झालं होतं आणि वेचणीला माणूस मिळत नव्हता. प्रमिलाबाई, झुलाल आणि मुलगा प्रेमराज तिघंही उजाडल्यापासून शेतात. वाळलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेत घुसतात, बोटांना चिरा पडतात, चिरांत कापसाचा कचरा जाऊन बसतो. भाकरीच्या पिठातलं मीठ लागलं की बाई क्षणभर दात आवळते आणि पुन्हा थापायला लागते. या दिवसांत धड बोटांची बाई खानदेशात शोधूनही सापडायची नाही, आणि त्या चिरांना कोणी जखम म्हणत नाही.

बांधावर गुलसिंग येऊन उभा राहिला. हा बारेला आदिवासी, नाल्यापलीकडच्या धामणपाड्याचा. सरहद्द म्हणजे तो एक नाला. अलीकडे धुळे जिल्हा, पलीकडे मध्य प्रदेश, आणि दोन्हीकडच्या बकऱ्या मधोमध चरतात. निंदणीच्या दिवसांत गुलसिंगच्या घरची माणसं झुलालच्या शेतात असायची आणि पाड्यावर लग्न निघालं की प्रमिलाबाईची मोठी पातेली वर जायची. असा तो घरोबा.

"अक्का, चाल ना," तो धापा टाकत म्हणाला. "म्हैसना घसामा काही अटकेल शे. खाई नही राहिनी, पी नही राहिनी. निस्ती लाळ गाळस."

"हात टाका का कोनी?"

"मी टाका. रेमलीनी टाका. मना बापनी बी टाका. आमना हात तठलगून जात नही."

प्रमिलाबाईनं कमरेची कापसाची ओटी सोडली आणि झुलालपुढे ठेवली.

"चालनी डॉक्टरीन बाई," झुलाल म्हणाला. "आते मी येकलाच वेचसु."

प्रेमराजनं मोटारसायकल काढली. नाल्यात पाणी घोट्याएवढं होतं. नाला ओलांडला तसा त्याच्या खिशातला फोन वाजला. मध्य प्रदेशात आपलं स्वागत आहे, असा निरोप दर खेपेला यायचा. पुढे चढण, सागाची पडलेली पानं, आणि मग टेकडीच्या उतारावर विखुरलेली कुडाची घरं.

म्हैस मोहाच्या झाडाला बांधली होती. गुलसिंगची बायको रेमली तिच्यापुढे पाण्याची बादली घेऊन उभी होती. म्हैस तहानेनं कासावीस झालेली. ती बादलीत तोंड घालायची, पाणी ओढायची, आणि एकदम तिच्या मानेच्या शिरा ताठ व्हायच्या, सगळं धूड थरथरायचं, पाणी नाकातून परत यायचं. मग ती मागे सरकून पाण्याकडे बघत राहायची. मधूनच हंबरायची, पण तो आवाज म्हशीचा नव्हता. घोगरा, फाटका, कुठून तरी दुसऱ्याच जनावराच्या पोटातून आल्यासारखा. प्रमिलाबाईनं जन्मभर गुरं पाहिली होती. पाण्यापुढे उभं राहून पाण्याला भिणारं जनावर तिनं पाहिलं नव्हतं. ती पाऊलभर मागे सरली.

पण पाडा जमला होता. म्हाताऱ्या बाया, काखेत पोरं घेतलेल्या सुना, गुलसिंगचा कमरेत वाकलेला म्हातारा बाप, सगळे तिच्या हाताकडे बघत होते. तिनं तेल लावलं. गुलसिंगनं आणि आणखी दोघातिघांनी जबडा धरला. लाळ त्यांच्या कोपरांवरून गळत होती. तिनं डोळे मिटले आणि हात आत घातला.

कणीस नव्हतं. कोय नव्हती. काटा नव्हता, हाड नव्हतं. तिनं बोटं आणखी पुढे सारली. घसा एकदम आवळला आणि तिचा हात आतच पकडून राहिला, मग सुटला, मग पुन्हा आवळला. बोटांच्या चिरा चुरचुरल्या. तिनं इकडून चाचपलं, तिकडून चाचपलं. गिळण्याच्या वाटेवर काहीसुद्धा नव्हतं. हात बाहेर काढला तेव्हा तो कोपरापर्यंत लाळेनं चकाकत होता आणि मूठ रिकामी होती.

"काय शे, अक्का?" गुलसिंगनं विचारलं.

आता खरं म्हणजे दोनच शब्द बोलायचे होते. पण इतक्या वर्षांत ते शब्द तिच्या तोंडानं कधी उच्चारलेच नव्हते, आणि समोर अख्खा पाडा उभा.

"काटा शे," ती म्हणाली. "खोल सरकना. बोटले लागना, धराले उना नही. सकाय-संध्याकाय हात टाकत ऱ्हा, खाले-वर करा, म्हंजे सुटी. नळीघाई ताक पाजा. मी येसु परत."

गुलसिंगनं मान डोलावली. रेमलीनं मान डोलावली. म्हाताऱ्यानं लगेच कोणाला तरी बांबूची नळी आणायला पिटाळलं. प्रमिलाबाईनं पळसाच्या पानांनी हात पुसला, रेमलीनं दिलेला चहा घेतला आणि ती मोटारसायकलवर बसली. उतारावर प्रेमराजनं विचारलं, "माय, काटा कसाना व्हता वं?" ती म्हणाली, "गाडी नीट चालाव."

दुसऱ्या दिवशी कुरखेडीत गुरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचायला मेघा मॅडम आल्या होत्या. या गुरांच्या डॉक्टर, मूळच्या पारोळ्याच्या, वयानं प्रेमराजएवढ्या. मारुतीच्या पारापाशी गुरांची रांग लागली होती. झुलाल आपली गाय धरून उभा होता आणि नेहमीप्रमाणे त्याचं तोंड चालू होतं.

"मॅडम, आमना घरमा बी येक डॉक्टरीन शे. पन काल पलीकडे गयी आनि काटा हिना हातले भ्यायना. सापडनाच नही!"

लोक हसले. प्रमिलाबाईही हसली, पण तोंडापुरती. मेघा मॅडमचं लक्ष सुईकडे होतं. "काय झालं होतं जनावराला?" त्यांनी सहज विचारलं.

"खाई ना, पी ना. लाळ गाळे," प्रमिलाबाई म्हणाली.

"पाणी पाजून पाहिलं?"

"नाकमाथून परत ये. आनि सारी कापे."

मेघा मॅडमनी मान वर केली. "आवाज कसा येत होता तिचा, मावशी?"

"घोगरा. म्हैसना नव्हताच तो."

"आणि तुम्ही हात घातलात?"

"मंग काय पाय टाकू?" प्रमिलाबाई म्हणाली, आणि लोक पुन्हा हसले.

मेघा मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी सुई खाली ठेवली, प्रमिलाबाईचं मनगट धरलं आणि बोटं उलटसुलट करून उजेडात पाहिली. चिराच चिरा होत्या. "घशात काय लागलं तुमच्या हाताला? खरं सांगा."

सगळं गाव ऐकत होतं. झुलाल तोंड उघडं ठेवून बघत होता.

"काहीच नही," प्रमिलाबाई म्हणाली.

"मंग काटा सांगे ना तू काल?" झुलाल म्हणाला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. लुगड्याचा पदर पुढे ओढून घेतला. इतक्या वर्षांत गावासमोर तिची मान अशी खाली गेली नव्हती.

मॅडमनी तिला पाराशेजारच्या नळापाशी नेलं. साबणाची वडी हातात दिली, नळ पूर्ण सोडला आणि म्हणाल्या, "धुवा. मी सांगेपर्यंत थांबायचं नाही." पाणी वाहत राहिलं. हात कालच धुतला असता तर जास्त चांगलं झालं असतं, पण आजही धुवायचाच, असं सांगून त्या बाजूच्या दगडावर बसल्या आणि हळू आवाजात बोलू लागल्या.

"मावशी, ती म्हैस बहुतेक पिसाळलीय. पिसाळलेल्या गुराचा घसा कधी आवळतो, कधी लुळा पडतो, त्याला गिळता येत नाही. बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. मग घरातला प्रत्येक माणूस हात घालून बघतो. आणि तो जंतू लाळेतच असतो."

"कुत्रं तं कोनीच दखं नही तिले चावताना."

"म्हशीनं सांगायला हवं होतं का? कुत्रं असेल, कोल्हा असेल. महिन्यामागे कधीतरी रानात चावून गेला असेल."

प्रमिलाबाई हात चोळत होती. "मंग तो जंतू आते मना रगतमा गया?"

"नाही. हीच तर गोष्ट आहे." मॅडमनी स्वतःच्या बोटाच्या टोकापासून दंडावरून, खांद्यावरून, मानेवरून डोक्यापर्यंत दुसऱ्या हाताचं बोट हळूहळू नेलं. "तो रक्तात उडी मारत नाही. अंगात दोऱ्यांसारख्या बारीक नसा असतात ना, त्या धरून चढतो. अगदी हळू. मेंदूपर्यंत पोचायला त्याला आठवडे लागतात, कधी महिने. तोवर माणसाला काही म्हणजे काही होत नाही. खातो, पितो, कापूस वेचतो. तो पोचायच्या आत लस घेतली तर वाचतो. तो पोचला की मग जगातल्या कुठल्याच डॉक्टरचं काही चालत नाही."

"मंग मानुस बी पानीले भ्यास? म्हैसना गत?"

"हो."

प्रमिलाबाईनं आपल्या हाताकडे पाहिलं. साबणाचा फेस मनगटावरून कोपराकडे ओघळत होता. आत कोणीतरी चढण चढतंय, बिनआवाजाचं, बिनवजनाचं, आणि आपल्याला त्याचा पायरवही कळत नाही, या विचारानं तिनं हात आणखी जोरात चोळला. भीती तर वाटलीच. पण भीतीपेक्षा मोठं असं काहीतरी तिच्या छातीत भरून आलं. गुरांच्या गळ्यात शिरून आतलं गाव पाहिल्याच्या गोष्टी ती सांगायची. स्वतःच्या कातडीखाली असं गाव, अशा वाटा आहेत, हे तिला आज कळत होतं.

"आत्ताच्या आत्ता शिरपूरला दवाखान्यात जा," मॅडम म्हणाल्या. "मी फोन करते."

"मी येकली सुई लिसु?" प्रमिलाबाईनं नळ बंद केला. "त्या तठे सकाय-संध्याकाय हात टाकी राहिनात. मी सांगेल शे त्यासले."

पाड्यावर फोन लागत नव्हता. मेघा मॅडमनी पलीकडच्या तालुक्यातल्या गुरांच्या डॉक्टरला कळवलं, पण त्यांना यायला दुसरा दिवस उजाडणार होता. "तुम्ही जा, पण म्हशीला कोणी शिवायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी सगळ्यांना घेऊन खाली या. पहिली सुई उद्या लागलीच पाहिजे." त्यांनी साबणाच्या वड्या तिच्या पिशवीत टाकल्या. झुलालनं गाय कोणाच्या तरी हातात दिली आणि बायकोजवळ आला. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण आयुष्यात पहिल्यांदा त्याला थट्टा सुचली नाही. "सांभायीसन जाय," एवढंच तो म्हणाला.

दुपार कलली होती तेव्हा ती प्रेमराजबरोबर पाड्यावर पोचली. म्हैस आता आडवी पडली होती. मागचे पाय हलत नव्हते. आणि तिच्या डोक्याशी रेमली गुडघ्यांवर बसून, दात आवळून, खांद्याचा जोर लावून आत हात घालत होती. अक्कानं सांगितलं होतं तसं, खाली-वर करत होती.

"काढ! हात काढ, रेमली!" प्रमिलाबाई गाडी थांबायच्या आधीच ओरडली.

रेमली घाबरून उठली. घरांतून माणसं बाहेर आली. गुलसिंग लाकडं फोडत होता, तो कुऱ्हाड घेऊनच आला. वाटेत प्रमिलाबाईनं मनाशी बरंच जुळवून आणलं होतं: काटा विरघळला असेल, म्हशीला दुसरंच दुखणं लागलं असेल. पण रेमलीचा तो लाळेनं माखलेला हात बघून जुळवलेलं सगळं गळून पडलं.

"तिना घसामा काही नही शे," ती म्हणाली.

"तू सांगं ना काटा शे?" गुलसिंग म्हणाला.

"मी लबाड बोलनू. काटा नव्हता. मना हात रिकामा उना, त्यानी माले लाज वाटनी."

मोहाच्या झाडावर पोपट कलकलत होते. मग तिनं मेघा मॅडमनी सांगितलेलं सगळं सांगितलं. दंडावरून डोक्यापर्यंत बोट नेऊन दाखवलं. म्हैस पिसाळली आहे, ज्याच्या ज्याच्या हाताला लाळ लागली त्यानं सकाळी खाली यायचं, सुई घ्यायची, नाहीतर माणूस म्हशीसारखाच जाईल. गुलसिंगच्या बापानं सगळं ऐकलं आणि तोंड फिरवून तो घरात गेला. एकेक माणूस मागे सरकलं. ज्या बाया काल तिच्यापुढे पदर सावरत होत्या त्या तिच्या अंगावरून पलीकडे बघत होत्या.

"जाय घर, अक्का," गुलसिंग म्हणाला. कुऱ्हाड खांद्यावर टाकून तोही वळला.

उभी राहिली फक्त रेमली. दोन्ही हात अंगापासून लांब धरून, जणू ते दुसऱ्या कोणाचे होते. "मना हात?" तिनं विचारलं. प्रमिलाबाईनं तिला हापशावर नेलं. ती दांडा मारत राहिली आणि रेमली साबण चोळत राहिली. हापसा कुईं कुईं वाजत होता, धार पडत होती, फेस नाल्याच्या दिशेनं जात होता. प्रमिलाबाईचे खांदे भरून आले तरी ती थांबली नाही. उरलेल्या साबणाच्या वड्या तिनं हापशाच्या ओट्यावर मांडून ठेवल्या. निघताना तिनं वळून पाहिलं. कोणीही साबणाजवळ आलं नव्हतं.

सकाळी धुकं होतं. डोंगराखालच्या फाट्यावर काळी-पिवळी जीप उभी होती. ड्रायव्हर हिलाल बोनेटवर बसून दात घासत होता. प्रेमराज गाडीला टेकून उभा होता. प्रमिलाबाई मैलाच्या दगडावर बसून वरच्या वाटेकडे बघत होती. रात्रभर तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. निदान रेमली तरी येईल, एवढीच तिची आशा उरली होती.

"मावशी, निंघूत का?" हिलालनं विचारलं.

"थांब जरा."

ऊन वर आलं. हिलालनं पुन्हा विचारलं. मग प्रेमराज म्हणाला, "माय, त्या येवाव नही. आपन जाऊत. तुनी सुई तरी." ती उठली. गाडीत पाय ठेवला, आणि त्याच वेळी वरून चांदीच्या कड्यांचा आवाज आला.

धुक्यातून आधी एक बाज दिसली. चार माणसांनी खांद्यावर घेतलेली. बाजेवर कोणीतरी आडवं होतं, घोंगडी पांघरून. कोणी तरी गेलं, प्रमिलाबाईला वाटलं, माझ्या शब्दानं एक जीव गेला आणि हे लोक प्रेत माझ्यापुढे आणताहेत. बाजेमागून माणसं येत होती, एकामागून एक, पायवाटेवर दुसरा माणूस मावत नाही म्हणून. पोरं पाठीला बांधलेल्या बाया, पागोटेवाले म्हातारे, तरणे, वाटेवर सांडतच राहिले. धामणपाड्यात एवढी माणसं आहेत हे तिला ठाऊकच नव्हतं. नुसता पायांचा आणि कड्यांचा आवाज, आणि धुकं. प्रेमराजनं नकळत हात जोडले.

बाज फाट्यावर टेकली. घोंगडी हलली आणि गुलसिंगचा बाप कोपरावर उठून बसला. त्याला डोंगर उतरवत नव्हता म्हणून बाजेवर आणला होता. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत धुतलेले, घासून घासून पांढरट पडलेले. प्रमिलाबाईनं बाकीच्यांचे हात पाहिले. सगळ्यांचेच तसे होते. तिचा हुंदका बाहेर पडला आणि तिनं तो आवरला नाही.

हिलालनं दात घासायचे सोडले. "माय वं," तो म्हणाला, "मना गाडीमा इतला लोक कसा मावतीन?" मग त्यानंच फोन करून आणखी दोन गाड्या मागवल्या.

दवाखान्यात मेघा मॅडम आधीच येऊन थांबल्या होत्या. डॉक्टरांनी एकेकाला विचारून वेगळं काढलं. ज्यांनी फक्त त्या म्हशीच्या उकळलेल्या दुधाचा चहा घेतला होता त्यांना काही भ्यायचं कारण नाही म्हणून बाजूला बसवलं. त्यातला एक तरणा बराच वेळ रुसून बसला, डोंगर उतरलो आणि सुई नाही म्हणजे काय. ज्यांचे हात तोंडात गेले होते, ज्यांनी जबडा धरला होता, त्यांची रांग लागली. गुलसिंगनं प्लास्टिकच्या पिशवीतून आधार कार्ड काढलं आणि ते दोन्ही हातांत धरून नर्ससमोर उभा राहिला.

"बाई, हाई कार्ड एमपीनं शे. चाली का?"

"जंतूनं नाका बघितला होता का?" नर्स म्हणाली. "बस खाली. बाही वर कर."

प्रमिलाबाईला दंडात एक सुई मिळाली, आणि मग बोटांच्या चिरांमध्ये, जिथून तो शिरला असेल तिथेच, दुसऱ्या औषधाच्या सुया. नखाच्या कडेला सुई गेली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. पुढच्या सुयांनाही सगळे येत राहिले, बाजही येत राहिली, आणि होळीच्या आधी भोंगऱ्याच्या सणाच्या बाजारात धामणपाड्याची माणसं झाडून सगळी नाचली; पण हे नंतरचं. त्या दिवशी कोणालाच काही माहीत नव्हतं. त्या दिवशी नुसतं व्हरांड्यात बसून राहायचं होतं.

ती भिंतीला टेकून बसली होती, बोटं टचटचत होती. गुलसिंग येऊन शेजारी बसला. शेवटी तिला राहवेना.

"काल तू तोंड फिरायी लिधं. मंग आज सारा पाडा कसा खाले उतरना?"

गुलसिंगला प्रश्नच कळला नाही असं दिसलं. "तू सांगं घसामा काटा शे, आम्ही हात टाका," तो म्हणाला. "तू सांगं काटा नही, खाले उतरा. आम्ही उतरनूत. आमले दुसरं काय माहीत, अक्का?"

तो रागानं बोलला नव्हता. त्याच्या आवाजात उपकाराची भाषाही नव्हती. पाऊस पडला म्हणून पेरलं, तसं त्यानं सांगितलं. कालपासून प्रमिलाबाई दंडातून चढणाऱ्या त्या जंतूला भीत होती. आता ती स्वतःच्या तोंडाला भ्याली. आपण बोलतो आणि एक अख्खा डोंगर हात घालतो. आपण बोलतो आणि अख्खा डोंगर म्हाताऱ्याला खांद्यावर घेऊन खाली येतो. एवढं वजन आपल्या जिभेवर कोणी ठेवलं, कधी ठेवलं, आणि आपण ते थट्टेत, गप्पांत, चहाच्या घोटाबरोबर कसं वापरत राहिलो, हे तिला कळेना. देवळात गाभाऱ्यासमोर बसल्यासारखी ती बसून राहिली.

"अक्का," थोड्या वेळानं गुलसिंग म्हणाला, "म्हैसनी धाकली पारडी शे. आज ती बी चारा खाई नही राहिनी. काय व्हई वं तिले?"

प्रमिलाबाईच्या तोंडाशी उत्तर आलं होतं. अशा वेळी तिच्या तोंडाशी नेहमीच उत्तर यायचं. तिनं ते गिळलं.

"माले माहीत नही, भाऊ," ती म्हणाली. "तिले हात लावू नका. चाल, मॅडमले इचारूत."

तिच्या आजवरच्या कुठल्याही शब्दाला डोलावली असती, तशीच गुलसिंगनं मान डोलावली आणि तो उठून तिच्या मागे निघाला.